पहिली भारतीय महिला डॉक्टर नक्की कोण? आणि रखमाबाई आपल्याला शाळेत का नव्हत्या?

निवांत_वाचक:
भाची आठवीत आहे, तिला वक्तृत्व स्पर्धेसाठी 'पहिली भारतीय महिला डॉक्टर' असा विषय आलाय. आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून सांगितलं आनंदीबाई जोशी, विषय संपला. पण ताईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड आलाय की खरी पहिली रखमाबाई राऊत, आणि माझ्या ऑफिसातला बंगाली मित्र म्हणतो दोघीही नाहीत, कादंबिनी गांगुली. आता पोरीने भाषणात काय म्हणायचं? आणि खरं सांगायचं तर रखमाबाई हे नाव मी गूगलने २०१७ मध्ये डूडल केलं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. एवढी मोठी बाई असेल तर आपल्या कानावर आधी का नाही आली? जाणकारांनी जरा सांगा, भांडू नका प्लीज.

जुना_पेपरवाला:
भांडायचं कारणच नाही, तारखा मांडल्या की झालं. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ११ मार्च १८८६ ला एमडी मिळाली. कादंबिनी गांगुलींनाही कलकत्ता मेडिकल कॉलेजातून १८८६ मध्येच डॉक्टरकी करायचा परवाना मिळाला. म्हणजे दोघी एकाच वर्षातल्या. एक परदेशी पदवीवाली, दुसरी इथेच शिकून इथेच वर्षानुवर्षं पेशंट बघणारी, मध्ये १८९२-९३ ला विलायतेत जाऊन आणखी डिप्लोमे घेऊन आलेली. रखमाबाई लंडनला शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, मग 'पहिली' म्हणून त्यांचं नाव कसं लावणार? फॉरवर्डवाले बहुतेक असं धरतात की आनंदीबाईंना प्रॅक्टिस करताच आली नाही म्हणून नंबर पुढे सरकला. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डवर त्यांची नेमणूक झाली होती हे खरं, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या, वय २१. मात्र त्या हिशोबानेही कादंबिनी मध्ये येतातच की, त्यांना गाळून थेट रखमाबाईंवर कसं जाता येईल. मी भाचीच्या जागी असतो तर 'पहिली' हा शब्दच टाळला असता, परीक्षकांपैकी कोणीतरी बंगाली निघायचा 😄

सांजवेळ:
रखमाबाईंचा घटस्फोट म्हणे विक्टोरिया राणीने स्वतः मंजूर केला होता ना? यूट्यूबवर बघितलेलं

जुना_पेपरवाला:
@सांजवेळ नाही हो. ती गोष्ट फिरते खूप, ऐकायला भारी वाटते म्हणून. नवऱ्याने कोर्टात लावलेलं प्रकरण मिटलं ते तडजोडीने, १८८८ मध्ये त्याला २००० रुपये देऊन. राणीबिणी कोणी काही मोडलं नाही.

मधली_सुट्टी:
जरा नीट सांगते कारण लोक हा खटला फार घाईत उरकतात, तीन ओळीत. आधी घर बघा. आई जयंतीबाई लहान वयात विधवा, नवऱ्याची इस्टेट तिच्याकडे आलेली, मग तिने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. सुतार समाजात पुनर्विवाह चालायचा म्हणून हे जमलं, पुण्याच्या ब्राह्मणवाड्यात असतं तर केवढा गहजब झाला असता. आणि लग्नाआधी जयंतीबाईने इस्टेट मुलीच्या नावावर करून टाकली. हे लक्षात ठेवा, कारण पुढे नवऱ्याकडच्यांना रखमाबाई का हवी होती यात ह्या इस्टेटीचा वास होता असं रखमाबाईंच्या बाजूचं म्हणणं होतं. सखाराम अर्जुन म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांतले दोन भारतीय होते त्यातले एक, म्हणजे घरात पुस्तकं, झाडं, डॉक्टरी, सगळंच.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी याच्याशी झालं, तो एकोणिसाचा. ठरलं असं होतं की त्याने सासरी राहून शिकायचं. तो काही शिकला नाही, मामाकडे जाऊन राहिला, आणि ती मात्र माहेरीच राहून वाचत राहिली. १८८४ मध्ये त्याने बायको ताब्यात द्या म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ ला न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला, म्हणाले हे दोघं कधी एकत्र राहिलेलेच नाहीत, मग बाईला मर्जीविरुद्ध जबरदस्तीने पाठवायचं कशाच्या आधारावर. त्यावर केवढा दंगा झाला. टिळकांच्या पेपरांनी म्हणजे केसरी आणि मराठाने रखमाबाईंवर झोड उठवली, इंग्रजी शिक्षणाने पोरी बिघडतात हाच सूर. इकडे रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहिली, बालविवाहावर. लोकांना कळेना ही कोण एवढी सडेतोड लिहिणारी.

अपिलात केस परत आली आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला की महिनाभरात नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंग. आणि ही बाई म्हणाली मी तुरुंगात जाते. बावीस वर्षांची!! मला खरं तर सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात भारी वाटतं, डॉक्टर होणं नंतरचं.

निवांत_वाचक:
अरे बापरे. @मधली_सुट्टी ताई धन्यवाद. म्हणजे आनंदीबाई गेल्या फेब्रुवारी १८८७ ला आणि हा निकाल मार्च १८८७ ला?? हे दोन्ही इतकं जवळ जवळ आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं

मधली_सुट्टी:
हो ना, आठवडाभराचाच फरक. आणि तुम्ही विचारलं ना रखमाबाई का माहीत नाहीत, मला वाटतं उत्तर इथेच आहे. एकीकडे नवऱ्याच्या पाठिंब्याने शिकलेली, नऊवारी नेसून अमेरिकेत राहिलेली, शाकाहार न सोडलेली, तिकडून परत येऊन तरुणपणी गेलेली मुलगी. तिच्यासाठी सनातनीसुद्धा हळहळले, टिळकांनी तिला आजारपणात पैसे पाठवले आणि गौरवाचं पत्र लिहिलं असं तिच्या चरित्रांतून येतं. दुसरीकडे नवऱ्याला कोर्टात नाही म्हणणारी, आणि वर जिवंत राहून ९० वर्षांपर्यंत जगलेली. तिच्यासाठी रडायची संधीच कोणाला मिळाली नाही. कादंबरी, नाटक आनंदीबाईंवर आधी झालं ते उगाच नाही. शुक्र ग्रहावरच्या एका विवरालाही त्यांचं नाव आहे.

रखमाबाई १८८९ ला लंडनला गेल्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी मदत उभी केली. परत आल्यावर १८९५ पासून सुरतला, मग राजकोटला बायकांच्या हॉस्पिटलात, तीसेक वर्षांहून जास्त नोकरी. म्हणजे आयुष्यातला मोठा भाग गुजरातमधे गेला, आपल्या पेपरांच्या डोळ्याआड. हेही एक कारण असणारच.

खडूस_काका:
एकीला वर काढायला दुसरीला खाली ओढायची गरज नाही एवढंच म्हणतो. 'नवऱ्याच्या पाठिंब्याने' हे लिहिणं सोपं आहे. गोपाळराव तिला अभ्यासासाठी मारायचे, आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांनाच पत्रात हे सुनावलंय, लहानपणी लाकडाने मारलंत वगैरे. चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं. १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाली, नवरा सोबत नाही. जाण्याआधी श्रीरामपूरच्या कॉलेजात (बंगालमधलं, नगरचं नव्हे) भरसभेत इंग्रजीतून सांगितलं की मी का चालले. आणि थिसिस कशावर तर आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. तर ही काही नवऱ्याच्या बोटाला धरून गेलेली नव्हती, बरं का. तिच्या कॉलेजात जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबत इस्लामबूली होती, तिघींचा एकत्र फोटो आहे, भाचीला दाखवा, नऊवारी आणि किमोनो शेजारी शेजारी.

मधली_सुट्टी:
@खडूस_काका काका मान्य, 'पाठिंबा' म्हणजे काय हा वेगळा धागा होईल. पण मी बोलत होते ते लोकांनी तिला कसं पाहिलं त्याबद्दल. लोकांना ती सोयीची वाटली एवढंच म्हणायचंय, ती स्वतः सोयीची होती असं नाही.

नवा_वकील:
कायद्याच्या बाजूने एक भर टाकतो. रखमाबाईंच्या खटल्याने आणि पुढे कलकत्त्याच्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूने जो वाद पेटला त्यातून १८९१ चा संमतीवयाचा कायदा आला, वय १० वरून १२ झालं, आज वाचून अंगावर येतं. आणि दादाजीने जो दावा लावला होता तो प्रकार संपला असं समजू नका, 'वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना' १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आहे, अजूनही आहे. फरक इतकाच की आता हुकूम मोडला म्हणून तुरुंगात पाठवत नाहीत, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. रखमाबाई गेल्या त्याच १९५५ च्या सप्टेंबरात. कॉलेजात हे कलम शिकलो तेव्हा सरांनी त्यांचं नावसुद्धा घेतलं नव्हतं.

निवांत_वाचक:
मंडळी मजा आली. भाचीचं म्हणणं आता असं की तिला विषयच बदलून 'मी तुरुंगात जाते' वर बोलायचंय, शाळा ऐकेल का माहीत नाही. वेळ फक्त चार मिनिटं आहे. @मधली_सुट्टी ताई, १८८५ चा निकाल आणि १८८७ चा निकाल दोन्ही घेऊ का एकच?

मधली_सुट्टी:
दोन्ही घ्या, पण पिन्हींचा एका वाक्यात. सखाराम अर्जुन, इस्टेट वगैरे सगळं कापा. सुरत-राजकोटला मात्र निदान अर्धा मिनिट द्या, नाहीतर सगळ्यांना वाटतं खटला संपला आणि बाईही संपली.