पाली शिकलो, धम्मपद वाचलं, आणि घरात आईचं वंदना म्हणणं मीच बंद पाडलं

नाईटशिफ्टवाला (ऐरोली)

जयभीम मंडळी. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या, आत्ताच शिफ्टवरून आलोय आणि झोप येत नाहीये.

मी गेली सहा-सात वर्षं धम्मावर वाचतोय, म्हणजे वेड्यासारखं वाचतोय. बाबासाहेबांचं 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' तीनदा झालं, मज्झिम निकाय (बुद्धांच्या सुत्तांचा म्हणजे उपदेशांचा पाली संग्रह) मिळेल तसा, पालीचा सर्टिफिकेट कोर्स केला, वीकली ऑफला सेक्टर १५ मधल्या बाबासाहेबांच्या स्मारकाच्या लायब्ररीत पडीक असतो. प्रतीत्यसमुत्पादाच्या, म्हणजे दुःख कशातून कसं उपजतं त्या साखळीच्या, १२ कड्या झोपेतून उठवून विचारा, अविद्येपासून जरामरणापर्यंत सुलट्या म्हणतो आणि उलट्या पण. ऑफिसात कोणी बोललं की बुद्ध हा विष्णूचा अवतार, की बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली पाचवी (बुद्ध विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही) काढून मी त्याला लंच ब्रेक संपेपर्यंत सोडत नाही.

आता मुद्दा. आई माझी चौथी शिकलेली. सकाळी नळाला पाणी आलं की उठते, कुंडीतली दोन-चार सदाफुलीची फुलं ताटलीत ठेवते, मेणबत्ती, अगरबत्ती, आणि मोठ्याने त्रिसरण पंचशील, म्हणजे बुद्ध-धम्म-संघाला शरण जाणं आणि पाच शीलं, पालीतून. ती 'समादियामि'च्या जागी 'समाधियामि' म्हणते, पाचच्या पाच वेळा. मागच्या महिन्यात मी ब्रश करत होतो, तोंडात फेस, तिथूनच ओरडलो, आई समाधियामि नाही गं, समादियामि, समाधीचा काही संबंध नाही, अर्थ होतो मी ग्रहण करते. ती थांबली, पहिल्यापासून सुरू केलं, परत तेच आलं आणि मी परत बोललो. झालं. दुसऱ्या दिवसापासून ओठ हलतात, आवाज येत नाही.

अजून एक सांगतो, हे कोणाला बोललेलो नाही. बाबा गेले त्याला दीड वर्ष झालं. पुण्यानुमोदनाच्या (गेलेल्या माणसासाठीच्या विधीच्या) दिवशी सगळं घर रडत होतं, 'अनिच्चा वत संखारा', म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, ही गाथा चालू झाली आणि मी मनातल्या मनात त्याचं व्याकरण सोडवत होतो. रडू आलंच नाही, अजूनपर्यंत नाही. अनित्य या विषयावर तासभर बोलायला सांगा, बोलतो.

मी असं धरून चाललेलो की आधी नीट समजून घ्यायचं, आचरण मागून आपोआप येतं. ते येताना दिसत नाहीये. कोणी असं अडकलं होतं का, आणि काय केलंत?

पामबीचचा_पाऊस (नेरुळ)

दादा, मी पण पुस्तकवाली. सुतमय, चिंतामय, भावनामय, म्हणजे ऐकून, विचार करून आणि साधनेतून आलेली, या तीन प्रज्ञांवर मी मैत्रिणीला मोठा व्हॉइस मेसेज पाठवला होता, तिने विचारलं तुझी यातली कुठली गं. मग विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला गेले इगतपुरीला. पहाटे ४ ची घंटा, दिवसाला दहा तासांच्या वर बसायचं, बोलायचं नाही, मोबाईल जमा, आणि वाचायला-लिहायला सक्त बंदी. मला मौनाचं काही वाटलं नाही पण पुस्तक नाही म्हणून जीव कासावीस. दुसऱ्या दिवशी मी साबणाच्या कागदावरची इन्ग्रेडियंट्स दोनदा वाचली, शप्पथ. पहिले तीन दिवस फक्त नाकाखालचा श्वास बघायचा, चौथ्या दिवशी विपश्यना देतात, तोपर्यंत गुडघे गेलेले. पण एक झालं, अनिच्च हा शब्द मी शंभर ठिकाणी वाचलेला, तो त्या गुडघ्यात कळला. कळ येते, आता मरतो असं वाटतं, आपण हलत नाही, आणि मग ती कळ तिथे नसतेच.

उगाच गैरसमज नको, घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ओल्या टॉवेलवरून नवऱ्यावर अशी किंचाळले की शेजारीण बाहेर आली. तेव्हा दहा दिवसांत काही बदलतं असं मी सांगणार नाही. तुम्हाला लांब नको, बेलापूरला पारसिक हिलवर केंद्र आहे, धम्म विपुल.

आणि रडू नाही आलं म्हणून स्वतःला मार्क कापू नका हो. माझ्या भावाला आठ महिन्यांनी आलं, भाजी घेताना.

कळव्याचा_कार्टा

मी जरा वेगळं बोलणार, राग मानू नका. हे डोकं बाजूला ठेवा आणि मनापासून करा टाईप बोलणं ऐकलं की माझं डोकं फिरतं. माझ्या आजोबांना शाळेत दाराबाहेर बसवायचे. मनापासून हात जोडा, प्रश्न विचारू नका, हे आपल्या लोकांना हजार वर्षं ऐकवलंय, त्यातून बाहेर काढलं ते एका माणसाच्या वाचनाने, आणि तुम्ही आता वाचनालाच आजार म्हणताय? १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या मागे त्यांचा किती वर्षांचा अभ्यास होता ते तुला माहितीये.

पण भावा, तू चुकलायस, फक्त तुला वाटतंय तिथे नाही. बाबासाहेबांनीच लिहिलंय ना की प्रज्ञा तलवारीसारखी आहे, शीलवानाच्या हातात असली तर कोणाला वाचवेल, शील नसलेल्याच्या हातात असली तर मुडदा पाडेल. तू ब्रश तोंडात धरून तलवार चालवलीस, आणि कोणावर, तर आईवर. अलगद्दूपम सुत्त तू वाचलंच असणार. वाद जिंकायला धम्म शिकतो तो साप शेपटीकडून धरतो, साप वळून चावतो. लंच ब्रेकवाला किस्सा तू किती मजेत सांगितलायस ते परत वाचून बघ.

दहा दिवस डोळे मिटून बसायचं की नाही ते तुझं तू ठरव, मला त्यात फार रस नाही. मी रविवारी वस्तीतल्या पोरांना गणित शिकवतो, माझी भावना वगैरे जे काय आहे ते तेच.

ट्रान्सहार्बर_त्रस्त

बारा कड्या पाठ आहेत म्हणता, त्यातली तृष्णा ठाण्याला १० नंबरवर गाडी सुटताना प्रॅक्टिकलला असते, या कधी.

कोपरीची काकू (ठाणे पूर्व)

नमो बुद्धाय बाळा. आमच्या विहारात वर्षावासाचं (पावसाळ्यातल्या तीन महिन्यांचं) ग्रंथवाचन चालू आहे, मीच वाचते, रिटायर्ड मास्तरीण असल्यामुळे गळ्यात पडलंय. तुझं वाचून मला पोठिल आठवला. धम्मपदाच्या अट्ठकथेत म्हणजे जुन्या टीकेत आहे, २८२ व्या गाथेची गोष्ट. हा पोठिल थेर (ज्येष्ठ भिक्खू) म्हणजे तिपिटक, सगळे बौद्ध ग्रंथ, तोंडपाठ, मोठा शिकवणारा, आणि तथागत त्याला भेटला की म्हणायचे, ये तुच्छ पोठिला, बस तुच्छ पोठिला. तुच्छ म्हणजे रिकामा. त्याला लागलं ते. लांब अरण्यात तीस भिक्खू राहायचे तिथे गेला, मला शिकवा म्हणाला. मोठ्याने धाकट्याकडे पाठवलं, त्याने त्याच्याहून धाकट्याकडे, असं करत करत गडी पोचला सात वर्षांच्या सामणेराकडे (शिकाऊ भिक्खूकडे), तो सुईने काहीतरी शिवत बसलेला. पोर म्हणालं, अंगावरच्या चीवरासकट (भिक्खूच्या वस्त्रासकट) त्या तळ्यात उतरा. चांगलं भारी चीवर होतं, पण उतरला हो तो. काठ भिजल्यावर पोराने बाहेर बोलावलं आणि एवढंच सांगितलं, वारुळाला सहा भोकं आहेत, आत घोरपड शिरलीये, धरायची तर पाच बुजवा आणि सहाव्यावर नजर ठेवा. पाच म्हणजे आपली इंद्रियं, सहावं मन. एवढ्या विद्वानाला तेवढं पुरलं, कारण शिकलेला होताच की तो. त्याचं पाठांतर वाया गेलं असं कुठे म्हटलेलं नाही, हे कळव्याच्या भाऊंना पण सांगते.

आता आईचं. माफी मागायला जाऊ नकोस, ती उगाच कानकोंडी होईल, आणि तू माफी मागताना परत धातू आणि प्रत्यय सांगशील, मी ओळखते असल्या पोरांना. शिफ्टवरून येतोस तेव्हा तिची वंदनेची वेळच असेल, हातपाय धू आणि शेजारी बस. आमच्याकडे धुणीभांडी करून येणारी एक बाई पंचशीलातल्या 'सिक्खापदं'च्या जागी 'सिक्कापदम' म्हणते, तिने सुनेच्या आजारपणात सहा महिने तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. मी तिला दुरुस्त करत नाही. पूर्वी करायचे.

नाईटशिफ्टवाला (ऐरोली)

सगळ्यांना थँक्यू. कळवेकर, लागलं, पण बरोबर लागलं. सापाचं सुत्त मी एकदा दुसऱ्याला गप्प करायला वापरलंय, आता काय बोलू.

काकू, आज बसलो. आईने बघितलं, काही बोलली नाही, थोडी सरकली. मीच विचारलं मोठ्याने का नाही म्हणत, तर म्हणे अरे पंधरा दिवस घसा बसलाय माझा या पावसाने. खरं की मला सांभाळून घ्यायला, कळलं नाही, घसा तर चांगला वाटत होता. मग म्हणाली आज तू म्हण. पंचशील नीट झालं, पुप्फपूजा (फुलं वाहतानाची गाथा) सुरू केली, ताटलीच्या कडेला कालची फुलं तशीच होती, सुकून काळपट झालेली, आणि 'पुप्फं मिलायति यथा इदं मे' पर्यंत आलो आणि पुढची ओळ येईना. मला, पाठ असलेल्याला. कायो तथा याति एवढंच आहे, जसं हे फूल कोमेजतं तसंच शरीर जातं, पण तोंडातून निघेना. आईने म्हटली ती ओळ, मोठ्याने. उच्चार कुठे चुकला ते ऐकू आलं, मी खाली बघत बसलो. मग तिने चहा टाकला.

ऑगस्टमध्ये रजा मिळेल असं दिसतंय. नेरुळच्या ताई, बेलापूरचा फॉर्म कुठे मिळतो?

पामबीचचा_पाऊस (नेरुळ)

ऑनलाइनच भरायचा, लवकर भरा, जागा पटापट संपतात. आणि बॅगेत एखादं पुस्तक हळूच टाकायचा विचार असेल तर राहू द्या, मी करून बघितलंय, पहिल्याच दिवशी जमा करून घेतात.