गेल्या वर्षभरात घरात आलेली कोणती वस्तू पैसे वसूल ठरली?

सांजवात

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेल्या चार वस्तूंपैकी तीन होळीपर्यंत माळ्यावर जातात, म्हणून हा धागा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढलेल्या, अजून रोज हाताशी असलेल्या वस्तू सांगा. नुसतं "मस्त आहे, डोळे झाकून घ्या" नको. घेताना काय बघायचं, वापरायची कशी, बिघडते कुठे, ते लिहा. कंपन्यांची नावं टाळूया, नाहीतर धाग्याचा बाजार होतो.

संदर्भासाठी: ठाणे, खाडीच्या बाजूचं घर, दुसरा मजला, छत नऊ फुटांवर. पावसाळ्यात कपाटातल्या पट्ट्यांना आणि पर्सना बुरशी येते. स्वयंपाक गॅसवर, जोडीला एक इंडक्शन. बजेट वस्तूमागे दहा हजार. डोक्यात आहेत: डिह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं मशीन), बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा, बीएलडीसी पंखा (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा), सुऱ्यांना धार लावायचं काहीतरी.

ओलसर भिंत

डिह्युमिडिफायरच्या आधी तीन-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या. यादीत तो नाही, पण पहिला मान त्याचा. तो नसेल तर मशीन किती वेळ चालवायचं हेच कळत नाही.

स्वस्त मापक चार-पाच टक्क्यांनी चुकतात, म्हणून आधी मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या आणि थेंब-थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळून पाणी झालं तर पुन्हा सुरुवात. झाकण आणि मापक झिपच्या पिशवीत हवाबंद करून दहा-बारा तास एका जागी ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने ७१ दाखवले तर पाठीवर मार्करने "+४" लिहा, झालं काम.

आता भिंत. ओल हवेतली आहे की भिंतीतली, हे कळल्याशिवाय मशीनवर पैसे घालू नका. दीड-दीड फुटाचं जाड प्लॅस्टिक भिंतीला चारही कडांनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर हवा दमट आहे, तिथे मशीन कामाचं. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी बाहेरून किंवा पाइपातून येतंय. तिथे प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला लागतो, मशीन जन्मभर चालवलं तरी भिंत सुकायची नाही.

मशीन दोन जातींची. दोन-अडीच हजारांत मिळणारं, टेबलावर मावणारं ते पेल्टियर, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी विजेने थंड होणाऱ्या चकतीचं. दिवसाला पाव-अर्धा लिटर पाणी काढतं, म्हणजे खोलीच्या हिशेबाने नाहीच. जाहिरातीत मात्र "बेडरूमसाठी" म्हणून खपवतात. खोलीसाठी कॉम्प्रेसरवालंच हवं आणि तिथे तुमचं दहा हजारांचं बजेट मोडतं. त्यावर लिहिलेला "दिवसाला १२ लिटर" हा आकडा बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेवरचा असतो. खोली सुकत आली की तेच मशीन निम्मंसुद्धा काढत नाही. तो बिघाड नाही, हवेत तेवढं पाणीच उरलेलं नसतं.

चालवताना खिडक्या-दारं बंद. उघड्या खिडकीत हे मशीन लावणं म्हणजे खाडी उपसणं. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ५५ टक्क्यांवर सेट करा. ६५-७० च्या वर हवा सतत राहिली की बुरशी धरते आणि ५० च्या खाली नेण्यात नुसती वीज जाते. २०० ते २५० वॅटचं मशीन सहा तास चाललं की सव्वा ते दीड युनिट. खोली दोन-तीन अंशांनी तापते, हे दुकानात कोणी सांगत नाही. म्हणून माणसं दुसऱ्या खोलीत असताना चालवावं.

खरा फायदा कपडे वाळवण्यात आहे. सहा किलो कपड्यांत, मशीनने पिळल्यावरही, तीनेक लिटर पाणी असतं. लहान खोलीत दोरी, दार बंद, मशीन खाली आणि पंखा मंद. जुलैतला तो कुबट वास येत नाही.

टाकी भरली की मशीन थांबतं. नळी लावून मोरीत सोडणार असाल तर ती सगळीकडे उताराची हवी. मध्ये कुठे उंबरठ्यावर चढली की पाणी अडून टाकीत येतं आणि सकाळी मशीन बंद सापडतं. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. साचलेलं पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत ओतू नका. दिसायला स्वच्छ असलं तरी त्यात धूळ आणि कॉइलवरचा धातू असतो, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

फक्त पर्स-पट्ट्यांसाठी एवढा खर्च नको असेल तर कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपाटाच्या तळाशी ठेवा. खाली साठतं ते तीव्र खारं पाणी असतं आणि चामड्यावर सांडलं तर चामडं वाया. म्हणून हँगरला लटकवायच्या पिशव्या टाळा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच पुढे ओढा, याला पैसा लागत नाही.

घावन घाला

तव्याबद्दल मी लिहिते. कोकणात घावनासाठी लागतं ते बिडं हेच.

दुकानात तवा सपाट ओट्यावर ठेवून कडेला बोट दाबा. डुगडुगला तर इंडक्शनवर चालणार नाही. मग हातात लटकवून चमच्याने ठोका. टणऽऽ असा घुमला तर ठीक, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. बोट फिरवून बघा, बारीक रवाळ लागलं तर चालेल, खड्डे नकोत. दहा इंची तवा दोन-अडीच किलोचा भरतो. मनगट दुखरं असेल तर दोन्ही बाजूंनी कान असलेला घ्या, लांब दांड्याचा नको.

"आधीच सीझन केलेला" (म्हणजे तेलाचा थर तापवून बसवलेला) लिहिलेलं असलं तरी घरी दोन हात द्यावेच लागतात. कोरा असेल तर असं करा:

गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासा. तो गंजू नये म्हणून कारखान्यात लावलेलं तेल निघालं पाहिजे. पांढऱ्या फडक्याला थोडं काळं लागतं, ते चालतं. चकचकीत काळा रंग पापुद्र्यांनी निघाला तर मात्र तवा परत करा.

लगेच गॅसवर ठेवून कोरडा करा. मग पाव चमचा तेल (सूर्यफूल किंवा सोयाबीन, रिफाइंड) सगळीकडे चोळा, मागच्या बाजूलाही. आता कोरड्या फडक्याने सगळं पुसून काढा, जणू तेल चुकून लागलंय. सगळं काम इथेच बिघडतं. तेल जास्त राहिलं की ते चिकट, पिवळट थेंबांत गोठतं आणि नंतर घावन नेमकं तिथेच धरतं.

मध्यम आचेवर धूर येईपर्यंत तापवा आणि धूर थांबेपर्यंत राहू द्या, साधारण दहा-पंधरा मिनिटं. खिडकी उघडी ठेवा. कोमट झाला की पुन्हा तेच. असे चार-पाच हात. तपकिरी डाग पडत पडत काळा होतो, एकाच दिवसात आरशासारखा होत नाही. शेवटी कांदा उभा चिरून दोन चमचे तेलात काळपट होईस्तो परता, तव्यावर सगळीकडे फिरवत. तो कांदा टाकून द्या.

घावनाचं पीठ पातळ, ताकासारखं हवं. तव्यावर पाण्याचे थेंब टाका. नाचत दोन-तीन सेकंदांत उडाले तर घाला. नुसते बसून चुरचुरले तर तवा थंड आहे. पीठ टाकताच सरकून भोकं-भोकं होऊन एकीकडे गोळा झालं तर जास्त तापलाय, गॅस कमी करून पाण्याचा हबका मारा. अर्धा कांदा काट्याला टोचून तेलात बुडवून फिरवा, चमच्याने तेल ओतू नका. कडा आपोआप सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही. पहिलं घावन तव्याचं, त्यावरून तवा मोडीत काढू नका.

भाकरीचा आणि घावनाचा तवा एक ठेवू नका. भाकरीला तवा कोरडा आणि कडक तापतो, त्यात तेलाचा थर जळतो आणि मग घावन चिकटतं. टोमॅटो, चिंच, कोकम या तव्यावर किंवा बिडाच्या कढईत शिजवत ठेवलं तर थर जातो आणि भाजीला लोखंडी चव येते.

इंडक्शनवर नेहमी सर्वांत कमी आचेने सुरू करून चार-पाच मिनिटांनी वाढवा. कॉइल मधलाच गोल तापवते आणि कड थंड राहते. थेट पूर्ण आच दिली तर बीड तडकतं.

सांजवात

@ओलसर भिंत, प्लॅस्टिकची चाचणी आजच लावते. वाचनखूण साठवली.
@घावन घाला ताई, बऱ्याच व्हिडिओंत जवसाचं तेल वापरा म्हणतात. आणि गंज चढलेला जुना तवा मिळाला तर घ्यावा का?

घावन घाला

जवसाचा थर कडक आणि देखणा होतो, पण ठिसूळ. काही महिन्यांत खपल्या निघतात आणि त्या पोळ्या-घावनांना लागतात. साधं तेल बरं.

जुना तवा जरूर घ्या, ठोकून आवाज चांगला आला तर. वरवरचा गंज जाडं मीठ आणि अर्ध्या बटाट्याने घासून जातो. खोल असेल तर व्हिनेगर आणि पाणी समसमान, त्यात फार तर अर्धा तास. रात्रभर ठेवलात तर गंजाबरोबर तवाही खाल्ला जातो. काढल्यावर लगेच धुऊन, तापवून, तेलाचा हात द्या, नाहीतर पाच मिनिटांत पुन्हा नारिंगी.

न्यूट्रल वायर

पंख्याचं गणित आधी कागदावर करा. साधा पंखा ७५ वॅट धरा, बीएलडीसी ३०. फरक ४५ वॅट. रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस म्हणजे १६२ युनिट. युनिट १० रुपयांनी धरलं तर १,६२० रुपये वाचले, पंखा दोनेक वर्षांत फिटला. हाच हिशेब दिवसाला दोन तास चालणाऱ्या खोलीला लावा: २७ युनिट, २७० रुपये. तिथे जुना पंखाच फिरू द्या. घरातले सगळे पंखे एकदम बदलायची जी टूम आहे तिला अर्थ नाही.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. तारे बघाच, पण त्याखालचा हवेचा आकडाही वाचा. मिनिटाला किती घनमीटर हवा, भागिले वॅट. २२० घनमीटर आणि ३० वॅट म्हणजे ७.३. वॅट कमी दाखवायला वाराच कमी केलेले पंखेही असतात आणि मे महिन्यात ते कळतं.

बसवताना होणारी चूक एकच आणि सगळीकडे तीच: जुना रेग्युलेटर वायरिंगमध्ये तसाच राहतो. बीएलडीसीला वेग रिमोटने किंवा आतल्या सर्किटने मिळतो. बाहेरच्या रेग्युलेटरमधून कापलेली वीज त्या सर्किटला गेली की पंखा गचके देतो, गुणगुणतो आणि शेवटी सर्किट जातं. "पाचवर ठेवा, चालतंय" असं इलेक्ट्रिशियन म्हणेल. ऐकू नका, कोणीतरी तीनवर फिरवणारच. रेग्युलेटर काढून वायर सरळ जोडून घ्या आणि तिथे ब्लँक प्लेट लावा. स्विच तेवढा राहू द्या.

वॉरंटी मोटरची वेगळी आणि सर्किटची वेगळी लिहिलेली असते का ते बघा, कारण जातं ते सर्किट.

नऊ फुटी छताला खोक्यातला दहा-बारा इंची रॉड चालतो. पाती जमिनीपासून साडेसात फुटांच्या वर राहतात आणि छतापासून फूटभर खाली. छताला फार चिकटवला तर वरून हवा ओढता येत नाही, मग वारा लागत नाही आणि आवाज वाढतो. पंखा हलत असेल तर छतावर एक खूण करा, पातं हाताने फिरवत प्रत्येकाचं टोक त्याच खुणेखाली आणून अंतर मोजा. चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पात्याचे स्क्रू सोडून पुन्हा समान आवळा. दोन पंख्यांची पाती एकमेकांत मिसळू नका, ती वजनाने जुळवलेली असतात.

पाटा-वरवंटा

धारेसाठी खाचेत सुरी ओढायची ती यंत्रं नको. ती धार लावत नाहीत, पातं खरवडतात. ४०० आणि १००० ग्रिटचा दुहेरी दगड घ्या (ग्रिटचा आकडा मोठा तेवढा दगड बारीक). पाण्यात दहा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. खाली ओलं फडकं, म्हणजे दगड सरकत नाही.

कोन मोजायला काही लागत नाही: पातं ४ सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंटिमीटर उचला, १५ अंशांच्या जवळपास येतं. त्याच कोनात घासत राहा, दुसऱ्या बाजूने बोट धारेपासून बाहेर सरकवलं की बारीक खरखर लागली पाहिजे, टाचेपासून टोकापर्यंत सलग. ती येईपर्यंत बाजू बदलायची नाही. बहुतेकांची धार लागत नाही ती इथेच, दहा इकडे दहा तिकडे मोजत बसल्यामुळे. मग दुसरी बाजू, मग १००० वर हलक्या हाताने दोन्ही. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून ओढा, न दाबता साल कापली तर झालं.

आणि यादीत नसलेला एक: ५ किलोचा, १ ग्रॅमचा वजनकाटा. दहा रुपयांची दहा नाणी ठेवून तपासा, साधारण ७७ ग्रॅम भरतात. मीठ चिमटी-चिमटीने घातलं तर हे काटे आकडा हलवतच नाहीत, तेवढा हळू बदल ते शून्यातच धरतात. मीठ आधी वाटीत घ्या आणि वाटीच काट्यावर ठेवा.

सांजवात

अपडेट: प्लॅस्टिकवर थेंब भिंतीच्या बाजूने आलेत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर. डिह्युमिडिफायर यादीतून बाद. आता प्लंबरला आधी काय तपासायला सांगू?

ओलसर भिंत

रात्री घरातले सगळे नळ बंद, पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी बघा. आकडा सरकला तर दाबाची पाइपलाइन गळतेय. तसाच राहिला तर बाथरूमची जाळी कापडाने बंद करून फरशीवर इंचभर पाणी चार तास ठेवा, पातळीला पेन्सिलची खूण करा. पातळी उतरली तर फरशीचे सांधे किंवा जाळीभोवतालचा जोड. त्या चार तासांत एकदा खालच्या मजल्यावर जाऊन त्यांचं छत बघून या.