एका लिफ्टने वर, दुसरीने खाली: श्टोसची धार आई-बाबांना जमेल का?

मुग्धा_बाडेन
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आई-बाबा महिनाभर आमच्याकडे, स्वित्झर्लंडमध्ये बाडेनला येताहेत. बाबा ६८, आई ६४. त्यांना श्टोसच्या धारेवर न्यायचं डोक्यात आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: श्टोस हे श्वित्सजवळचं, १३०० मीटरवरचं, मोटारी नसलेलं गाव. गावातून एका चेअरलिफ्टने क्लिंगनश्टॉकवर (१९३५ मी.) जायचं, तिथून धारेधारेने साधारण पावणेपाच किलोमीटर चालत फ्रोनआल्पश्टॉक (१९२१ मी.) गाठायचा आणि दुसऱ्या चेअरलिफ्टने परत गावात. आल्या वाटेने मागे फिरायचं नाही, हेच मला आवडलं.

प्रश्न असे:
कुठल्या टोकाने सुरुवात करावी?
बाबांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. आई रोज पर्वती चढते, पण ट्रेक म्हणावा असा एकही केलेला नाही. ती दृष्टिभयाला (बाजूला खोल उतार दिसला की वाटणारी भीती) कितपत टिकेल?
बाडेनहून निघून घरी परत येईपर्यंत तिघांचं मिळून २५० फ्रँक. बूट नवीन घ्यायचे नाहीत, घरचे आहेत ते चालतील का एवढंच सांगा.

कात्रजकर
काकांनी के टू एस केलंय का? केलं असेल तर हा धागाच बंद करा. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून रात्री निघायचं, एकामागून एक टेकड्या, घसारा, पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात जेवढं दिसेल तेवढंच. सिंहगडाला पोचेपर्यंत उजाडतं. तिथे कुठलीही लिफ्ट न्यायला येत नाही. लिफ्टने चढून लिफ्टने उतरायचं याला आम्ही सहल म्हणतो.

मुग्धा_बाडेन
तरुणपणी केलंय आणि अजून सांगतात. तो गुडघा तेव्हा नवा होता.

वेंगेनवाली
श्टोस कशाला? मेन्लिशन ते क्लायने शायडेक करा. वेंगेनहून रोपवेने वर, मग जेमतेम दीड तासाची, हळूहळू उतरत जाणारी रुंद वाट. समोर आयगर, म्योंश, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं. बाबागाडी ढकलत नेणारे दिसतात, आई-बाबांना काय होणार! शेवटी रोपवे नाही, रेल्वे आहे, पण बसायला मिळाल्याशी मतलब. आम्ही सासूबाईंना घेऊन वेंगेनलाच दोन रात्री राहिलो. तुम्हीही राहा, आणि एवढं आलाच आहात तर युंगफ्राऊयोख करूनच घ्या.

हिशोबनीस
वरच्या ताईंनी २५० फ्रँक हा आकडा वाचलेला दिसत नाही. तेवढ्यात वेंगेनला तिघांची एक रात्रसुद्धा कठीण.
मुग्धाताई, तुमच्याकडे हाफ-फेअर कार्ड असेलच. पाहुण्यांसाठीही महिन्याभराचं मिळतं. महिनाभर फिरणार असाल तर दोघांना पहिल्याच दिवशी घेऊन टाका. रेल्वे, बस, श्टोसची फ्युनिक्युलर (गावापर्यंत चढणारी, दोराने ओढली जाणारी रेल्वे) आणि वरच्या लिफ्ट, सगळीकडे निम्मं भाडं. कार्डाची किंमत या एकाच दिवसावर टाकलीत तर बजेट बोंबललं. महिन्यावर पसरलीत तर २५० मध्ये आरामात बसतं, वर कॉफीसुद्धा. खिडकीवर धारेच्या फेरीचं तिकीट मागा, एका लिफ्टने चढायचं आणि दुसरीने उतरायचं असं सांगून. वेगवेगळी तिकिटं काढत बसू नका.

नाशिकहून_युरोप
स्विस ट्रॅव्हल पास असेल तर श्टोस फुकटात आहे. रिगी आणि श्टान्सरहॉर्नसुद्धा.

हिशोबनीस
तो पास पर्यटकांचा. आई-बाबांना काढता येईल, पण महिनाभर राहणाऱ्याला तो परवडत नाही. त्यांना कार्डच बरं.

म्युनिकची_मावशी
माझं ऐका, फेलहॉर्न-कान्त्सेलवांट. खरीखुरी दोन रोपवेंमधली धार! ओबर्स्टडॉर्फहून जर्मनीच्या बाजूने फेलहॉर्नवर (२०३८ मी.) चढायचं, धार सरहद्दीवरूनच जाते, आणि पलीकडे ऑस्ट्रियात रीत्सलर्नला उतरायचं. एक पाय जर्मनीत, एक ऑस्ट्रियात असा फोटो आमच्याकडे फ्रेम करून लावलाय. उन्हाळ्यात फुलं बघावीत तर तिथलीच.

सावध_काका
एक महत्त्वाचं. आई-वडिलांचा व्हिसा सिंगल एंट्री असेल तर स्वित्झर्लंडबाहेर पाऊल टाकलं की संपलं. परत आत घेणार नाहीत. मावशी, लोकांना संकटात घालू नका.

म्युनिकची_मावशी
काका, स्वित्झर्लंड डिसेंबर २००८ पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. एंट्री शेंगेनची मोजतात, देशाची नाही.

सावध_काका
माझ्या ओळखीच्यांना अडवलं होतं.

म्युनिकची_मावशी
कुठे अडवलं? कशासाठी? अर्धवट सांगू नका.

मुग्धा_बाडेन
मावशी, फेलहॉर्न सुंदरच दिसतंय, पण बाडेनहून एका दिवसात जाऊन येणं आई-बाबांना झेपणार नाही. श्टोस नक्की आहे. दिशा आणि गुडघा यावर कुणी बोलेल का?

गुडघा_माझा_सोबती
मी बोलतो. मला दोन्ही गुडघ्यांचा अनुभव आहे. चढ गुडघा खात नाही, उतार खातो. दोन काठ्या हव्यात, एक नव्हे. एका काठीने माणूस तिरका चालतो आणि दुसऱ्या दिवशी कंबर धरते. काठी उतारावर थोडी लांब करायची, हे कुणी सांगत नाही. मी क्लिंगनश्टॉकवरून निघालो होतो. लिफ्टमधून उतरून फोटो काढले आणि पहिल्याच उतारावर गुडघ्याने जाहीर केलं की आज नाही. माघारी चढलो, त्याच लिफ्टने खाली आलो, गावात रोष्टी खाल्ली. बायको एकटी धार करून आली आणि ते ती अजून ऐकवते.

कात्रजकर
काठ्या म्हणजे चोचले. सह्याद्रीत आम्ही बांबू घेतो.

गुडघा_माझा_सोबती
श्टोसला बांबू उगवत नाहीत.

बूटबळी
बुटांवरून सांगतो. एका मोठ्या कंपनीचे महागडे बूट पाच वर्षं कपाटात जपून ठेवले होते. धारेच्या मध्यावर डाव्या बुटाचा सोल तोंड उघडून बसला. रुमालाने बांधून पुढे चाललो. बूट किती महाग यापेक्षा किती दिवस पडून होते ते बघा, न वापरता सोलचा गोंद सुटतो. आदल्या आठवड्यात घालून टेकडीवर फिरून या. खरं तर ३०० फ्रँकपर्यंत चांगले नवीनच मिळतात...

कात्रजकर
ॲक्शन ट्रेकिंगचे बूट. विषय संपला.

पोहे_विथ_फोंड्यू
अहो, त्या फ्युनिक्युलरबद्दल कुणीच कसं बोलत नाही? जगातली सर्वांत उभी. ११० अंशांचा चढ! आईंना भीती वाटेल, आधी सांगून ठेवा.

हिशोबनीस
११० अंश म्हणजे डबा उलटा होऊन मागे झुकला. ११० टक्के आहे ते. १०० टक्के म्हणजे ४५ अंश, म्हणून ११० टक्के म्हणजे साधारण ४८ अंश.

पोहे_विथ_फोंड्यू
मी स्वतः बसलोय, ४८ वगैरे वाटत नाही. भिंतच आहे.

हिशोबनीस
वाटणं वेगळं, त्रिकोणमिती वेगळी.

डोंगरउतार
(आर्थमध्ये राहतो, धार वर्षातून एकदा तरी होतेच.)
फ्युनिक्युलरला घाबरायचं कारण नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या या गाडीचे डबे पिंपासारखे गोल आहेत आणि चढ वाढेल तसे फिरत राहतात, त्यामुळे पायाखालची जमीन सपाटच राहते. आईंना भीती वाटलीच तर ती चेअरलिफ्टवर वाटेल. उघडी खुर्ची, पाय लोंबकळते, आणि चढता-उतरताना खुर्ची तुमच्यासाठी थांबत नाही. ऑपरेटरला आधी खूण केली तर तो वेग कमी करतो. लाजू नका. पाठीवरची सॅक पुढे मांडीवर घ्या.

आता दिशा. दोन्ही टोकांच्या उंचीत फरक आहे १४ मीटरचा. त्यामुळे कुठूनही निघालात तरी एकूण चढ आणि एकूण उतार जवळजवळ तेवढाच. लिफ्ट तुम्हाला धारेवर नेते आणि धारेवरून आणते. मधले चढउतार तुमचेच. धार सपाट नाही, मध्ये हुजरश्टॉक हे शिखर आहे, त्याच्या अलीकडे पलीकडे खिंडी आहेत. ‘दोन लिफ्टमधली सोपी वाट’ समजून येणारे तिथेच कुरकुरतात. बाबांचा गुडघा उतारावर दुखत असेल तर दिशा बदलून तो दुखायचा थांबणार नाही.

दृष्टिभय: वाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या पट्ट्यांची, टी-२ दर्जाची (सहापैकी दुसऱ्या पायरीची) डोंगरवाट आहे. पिवळ्या पाटीची फिरायची वाट नव्हे. अवघड जागी साखळ्या आणि पायऱ्या आहेत, हात वापरून चढायचा रॉकपॅच नाही. पण काही ठिकाणी बाजूला उतार थेट खाली जातो. रायगडच्या टकमक टोकावर कठड्याशी उभ्या राहून आईंना गरगरलं नसेल तर इथेही नाही गरगरणार.

पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी जाऊ नका. ओल्या गवताची आणि चुनखडीची घसरण कोरड्या घसाऱ्याहून वाईट. दुसरं म्हणजे फ्योन. दक्षिणेकडून येणारा हा गरम वारा खालच्या ऊर्नरजे तळ्यावर जोरात सुटतो. आभाळ निरभ्र, फोटो झकास आणि लिफ्ट बंद, असंही होतं. सकाळी निघण्यापूर्वी लिफ्ट चालू आहेत का ते साइटवर बघा, वरचा कॅमेराही बघून घ्या.

इकडून_तिकडून
क्लिंगनश्टॉकवरूनच सुरू करा. सगळे तसंच करतात. शेवटी फ्रोनआल्पश्टॉकवर हॉटेल आहे.

वेंगेनवाली
+१, क्लिंगनश्टॉकवरून. (तरी मी मेन्लिशनच म्हणेन.)

म्युनिकची_मावशी
क्लिंगनश्टॉकवरून. तळं समोर येत जातं, पाठीमागे राहत नाही.

फोटोपुरता_उरलो
मी उलटं म्हणतो. तळं फ्रोनआल्पश्टॉकच्या पायथ्याशी, पश्चिमेला. सकाळी ऊन पाठीमागून येतं, तेव्हा ऊर्नरजे, पलीकडचं र्‍यूटलीचं कुरण आणि मागचे डोंगर स्वच्छ दिसतात. दुपारी तिथे पोचलात की सूर्य तोंडावर आणि तळ्याच्या जागी चमचमता पत्रा. पण हे कुणाला पटत नाही, सगळ्यांना शेवटी सूप हवं असतं.

मुग्धा_बाडेन
डोंगरउतार, फार उपयोगी पडलं. मधूनच सोडून द्यावंसं वाटलं तर?

डोंगरउतार
हुजरश्टॉक आणि फ्रोनआल्पश्टॉकच्या मधल्या खिंडीतून, तिला फुर्गेली म्हणतात, श्टोसकडे उतरायची वाट आहे. पण तो उतारच आहे, म्हणजे गुडघ्याला दिलासा नाही. वेळेचं जास्त बघा. पाटीवरचे दोन-सव्वादोन तास थांबे न धरता असतात. तुम्ही जेवण, फोटो, ‘अगं ते बघ’ असं सगळं धरून चार तास धरा. शेवटच्या खुर्चीची वेळ खालीच बघून घ्या. ती चुकली तर सहाशे मीटर पायी उतार, आणि मग खाली फ्युनिक्युलरचीही शेवटची गाडी. फोनमध्ये स्विसटोपोचा नकाशा उतरवून ठेवा. रेगाचा हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४.

सावध_काका
हेलिकॉप्टरचा खर्च कोण देणार? विम्यात डोंगर बसतो का ते बघा. बहुतेक पॉलिसीत बारीक अक्षरात काहीतरी असतं.

हिशोबनीस
काकांचं हे मात्र खरं. भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात बहुधा ‘साहसी खेळ’ वगळलेले असतात. चालणं त्यात धरतात का, हे कंपनीला मेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

पोहे_विथ_फोंड्यू
वर खायला काय न्यायचं? आम्ही थालीपीठ आणि लोणचं नेलं होतं. गाई जवळ येतात, डबा उघडा ठेवू नका. कुंपणाच्या तारेत वीज असते, हँडलला धरूनच फाटक उघडा. आमच्या मेव्हण्यांनी तार धरली होती.

कात्रजकर
मग?

पोहे_विथ_फोंड्यू
मग काय, ओरडले. गाई पळाल्या.

मुग्धा_बाडेन
मंडळी, सगळ्यांचे आभार. धागा काल व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना वाचून दाखवला. कात्रजकरांच्या प्रतिसादावर बाबा खूश होते. डोंगरउतारांच्या प्रतिसादावर गप्प झाले. मग स्वतःच म्हणाले की मी चालत नाही, तुम्ही दोघी जा. आई म्हणाली, मी कधी नाही म्हटलं होतं?

तर असं ठरलंय. आई आणि मी चालणार. सुरुवात फ्रोनआल्पश्टॉकवरून. हो, सगळ्यांच्या विरुद्ध. बाबा सकाळी आमच्याबरोबर वर येतील, तळं बघतील, कॉफी पितील आणि त्याच लिफ्टने खाली जातील. दुपारी आम्ही क्लिंगनश्टॉकवरून उतरू तेव्हा गावात भेटतील. क्लिंगनश्टॉकवरून निघालो असतो तर त्यांना आमची वाट बघत चार तास वर बसावं लागलं असतं, आणि त्या चार तासांत त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या लोकांना कात्रज-सिंहगड ऐकवलं असतं. शनिवार-रविवार टाळतोय. काठ्या शेजारणीकडून. बूट घरचेच, आईचे रोज पर्वतीवर जातात त्यामुळे सोल शाबूत आहे.

इकडून_तिकडून
फ्रोनआल्पश्टॉकवरून? चूक करताय. शेवटी हॉटेल नाही.

फोटोपुरता_उरलो
ताई, पहिली खुर्ची पकडा. नऊनंतर सावली सरकते.

हिशोबनीस
बाबांचं तिकीट वेगळं काढा मग. त्यांना फेरीचं नको, फक्त फ्रोनआल्पश्टॉक जाऊन-येऊन. खिडकीवरच्या माणसाला नीट समजावून सांगा, नाहीतर तिघांना एकच देईल.

कात्रजकर
काकांना माझा नंबर द्या. चार तास बोलायला मी आहे.

वेंगेनवाली
पुढच्या वर्षी मेन्लिशन. काकांसाठी.