पैसा भरपूर, पण हप्त्याला रोख नाही

भरपूर डॉलर मिळवूनही अमेरिकन बॉक्सर फ्लॉइड मेवेदरचा 2015 चा कर थकला कसा, असा प्रश्न पडतो. अमेरिकन बॉक्सरच्या मानधनातून सहसा आधी कर कापत नाहीत. आगाऊ कराचे हप्ते त्यानेच भरायचे. मे महिन्यातल्या लढतीचा हप्ता 15 जूनला! 2015 मध्ये कराचा सर्वात वरचा दर 39.6 टक्के होता. तेवढे पैसे मालमत्तेत अडकले की पंचाईत. 2017 मध्ये मेवेदरने अमेरिकेच्या टॅक्स कोर्टात हेच मांडलं: मालमत्ता आहे, रोख नाही, कॉनर मॅकग्रेगर या फायटरशी लढत होईपर्यंत थांबा. थकीत रकमेवर दरमहा अर्धा टक्का दंड, शिवाय व्याज. विवरणपत्रच उशिरा दिलं तर दंड दरमहा 5 टक्के, म्हणून खिसा रिकामा असला तरी ते वेळेत भरायलाच हवं.