खालच्या दुसऱ्या उपदाढेच्या टोकाशी काळा डाग: मेंटल फोरामेन की विकृती?

मदत हवी आहे. आयओपीएमध्ये (तोंडात फिल्म ठेवून काढलेल्या दाताच्या छोट्या एक्स-रेमध्ये) खालच्या उजव्या दुसऱ्या उपदाढेच्या मुळाच्या टोकावर साधारण 4 मिमीचा गोल काळा डाग दिसतोय. दाताला कीड नाही, जुनी फिलिंग नाही, मार लागल्याचा इतिहास नाही. थंड चाचणीला शेजारच्या दातांसारखाच प्रतिसाद येतो आणि टकटक केल्यावर दुखत नाही. त्यामुळे दात जिवंत वाटतो आणि माझा कल मेंटल फोरामेनकडे (खालच्या जबड्याच्या हाडातल्या, नस बाहेर पडण्याच्या नैसर्गिक छिद्राकडे) आहे.

अडतंय ते लॅमिना ड्युरापाशी, म्हणजे एक्स-रेमध्ये मुळाभोवती दिसणाऱ्या हाडाच्या पांढऱ्या रेघेपाशी. मुळाच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ स्वच्छ आहे, पण नेमकी टोकाशी, डागाच्या आत, ती पुसट होते. भिंगाखाली कधी तुटलेली वाटते, कधी केसासारखी बारीक दिसते.

एक्स-रेची नळी मेसिअल (पुढच्या) बाजूला 20 अंश सरकवून दुसरी फिल्म घेतली. डाग नळीच्या उलट, डिस्टलकडे (मागे) सरकला, म्हणजे तो बक्कल (गालाकडच्या) बाजूला आहे, पण जेमतेम 1 मिमी. टोकापासून पूर्ण सुटलाच नाही. विरुद्ध बाजूची फिल्मही पाहिली, तिथे फोरामेन दोन उपदाढांच्या मधोमध आहे, म्हणून तुलना फारशी कामाची नाही. सीबीसीटीची (त्रिमितीय एक्स-रे स्कॅनची) सोय नाही, आणि दात जिवंत असताना रूट कॅनाल उघडायचा नाही.

आता तिसरी फिल्म उभा कोन बदलून घ्यावी की आडवा कोन आणखी वाढवून, म्हणजे टोकाशी लॅमिना ड्युरा अखंड आहे की नाही हे खात्रीने ठरेल?