शब्दचर्चा : ‘वॉशिंग्टन’ म्हणजे काय?

मावसभाऊ वॉशिंग्टनला नोकरीला लागला म्हटल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे व्हाइट हाउसजवळ का रे?" तो असतो वॉशिंग्टन राज्यातल्या सिअ‍ॅटलला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला! मुळात हा शब्द कुठला? ‘वॉशिंग’ म्हणजे धुणं तर नव्हे?

— धुण्याशी काही संबंध नाही. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे कुंपण घातलेली वस्ती, आपली वाडीच म्हणा. मधला ‘इंग’ म्हणजे अमक्याची माणसं. वास्सा नावाच्या कुणाच्या तरी माणसांची वाडी, असा अर्थ लावतात. या नावाचं गाव इंग्लंडच्या ईशान्येला, संडरलँडजवळ, आजही आहे. बाराव्या शतकात विल्यम द हर्टबर्न या जमीनदारानं आपली जहागीर देऊन ही घेतली आणि नावही बदललं. हर्टबर्नकराचा वॉशिंग्टनकर झाला.

— ‘कर’ इथे तितकासा बसत नाही हं. साताऱ्यातच राहणाऱ्याला ‘सातारकर’ हे आडनाव कोण देणार? गाव सुटलं की मग ते चिकटतं. विल्यमला ते गावात शिरताना मिळालं, कारण तो गावाचा धनी. पुढे ‘द’ (म्हणजे ‘अमक्या गावचा’) हाही गळला, उरलं नुसतं गाव. एखाद्याला ‘अहो सातारा’ म्हणून हाक मारावी, तसं.

— याच घराण्यातला जॉन सतराव्या शतकात व्हर्जिनियाला गेला. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन त्याचा पणतू. १७९१मध्ये नव्या राजधानीला जॉर्जचं नाव दिलं. तुमच्या मावसभावाच्या राज्याची खरी गंमत पुढेच आहे : तिथल्या लोकांनी ‘कोलंबिया’ नाव मागितलं होतं. राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्याशी घोळ होईल, म्हणून १८५३मध्ये काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ‘वॉशिंग्टन’ ठेवलं. टळला म्हणायचा घोळ!

— आडनाव म्हणून पाहिलं तर २०००च्या अमेरिकी जनगणनेत ते लावणारे सुमारे १ लाख ६३ हजार, त्यातले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय. गुलामगिरीतून सुटलेल्या अनेकांनी आडनाव स्वतः निवडलं. पुढे नामवंत कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ झालेले बुकर टी. वॉशिंग्टन शाळेत गेले तेव्हा हजेरीत बाकीच्यांना दोन-दोन नावं, यांना एकच. विचारल्यावर त्यांनी ‘बुकर वॉशिंग्टन’ सांगून टाकलं.

— आणि आपला वॉशिंग्टन सुंदर? चेन्नईचा.

— त्याचं ते आडनाव नाहीच. वडिलांना क्रिकेटसाठी मदत करणारे एक माजी सैनिक होते, वॉशिंग्टन नावाचे. त्यांच्या आठवणीसाठी पोराचं नाव ठेवलं.

— आईला सांगितलं. म्हणाली, "मग सुंदर हे आडनाव का?"

— नाही हो, ते वडिलांचं नाव!