रेमोला ‘सिनेमातला गायक’ म्हणून गुंडाळू नका

देवगडवाला: काल इथे एकाने लिहिलं, ‘रेमो फर्नांडिस म्हणजे दोन-चार हिंदी गाणी, कोकणाने त्याचं कौतुक कशाला करायचं?’ डोकंच सणकलं. त्याचं हिंदी गाणं असलेला ‘जलवा’ सिनेमा आला १९८७ला. त्याआधीच, १९८४मध्ये, या गोव्याच्या गायकाने तिथल्याच शिवोली गावातल्या घरात ‘गोवन क्रेझी’ हा इंग्रजी अल्बम रेकॉर्ड केला. शब्द, चाल, वाद्यं सगळं स्वतःचं. कॅसेटी स्कूटरवर घालून दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. १९८६मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’मधून ड्रग्जविरुद्ध गायला. हे सगळं सोडून नुसतं ‘हम्मा हम्मा’ आठवायचं?

सावंतवाडीकर: मेहनत कोण नाकारतंय? पण गाणी इंग्रजीत. माझ्या आयेला एक ओळ कळली नसती. मुंबईत जे.जे.ला आर्किटेक्चर शिकलेल्या माणसाला हे जमतं. आमचे डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यातले बुवा समोरच्या बुवाला उत्तर द्यायला उभ्या उभ्या भजनाचा गजर रचतात. त्यांना कोण गीतकार म्हणतं?

वेंगुर्ल्याची: अर्ध्या चाली सिनेमाच्या असतात तुमच्या बुवांच्या!

सावंतवाडीकर: चाल उसनी असेल, शब्द त्यांचेच. उगाच काहीही बोलू नका. माझा मामा बुवा होता. दिवसभर भाताची लावणी करून रात्री कंदिलाजवळ वही घेऊन बसायचा, पखवाजवाल्याला मांडीवर ठेका धरून दाखवायचा. एका मंडळाने ठरलेल्या बिदागीतली अर्धीच हातावर टेकवली. कॅसेट कधी निघालीच नाही. बऱ्याच वह्या वाळवीने खाल्ल्या.

वेंगुर्ल्याची: वाईट झालं, पण त्याचा राग रेमोवर कशाला? माझा मुलगा मालवणीत गाणी लिहितो. जत्रेत आयोजक म्हणाले, ‘आधी पिक्चरचं वाजव, तुझं मागाहून बघू.’ ते मागाहून काही आलंच नाही. स्वतःचं गाणं घेऊन उभं राहायला काय लागतं ते मी घरात बघते.

देवगडवाला: धागा रेमोचा आहे, बुवांचा नाही. राजीव गांधी पंतप्रधान असताना त्यांच्यासमोर त्याने गोव्याची दुखणी गाऊन सांगितली. पेपरवाल्यांनी झोडपलं, पण पंतप्रधानांनी गाणं आवडल्याचं पत्र पाठवलं. आहे कोणाची हिंमत?

सावंतवाडीकर: ते धाडस मानलं, जा. २००७ची पद्मश्रीही त्याच्या हक्काची. पण बुवांचं नाव कुठल्या यादीत येणार ते सांगा. आणि इंग्रजी गाण्याला मी कोकणचं म्हणणार नाही.

वेंगुर्ल्याची: नका म्हणू. मामांच्या उरलेल्या वह्यांचे फोटो पाठवा, मुलगा टाइप करून देईल. आणि शिवोली कोकणात नाही तर कुठे आहे, तेवढं लिहा.